२३०० दिवस की २३०० वर्षं?

एका श्रोत्याने विचारलंय, बायबलमधली भाकितं शब्दशः घ्यायची की प्रतीक म्हणून? माझं निरीक्षण असं की बहुतेक लोक दोन्ही करतात, तेही एकाच वचनात. म्हणून आज एकच वचन घेऊ. दानीएलचा आठवा अध्याय, चौदावं वचन.

दानीएलला दृष्टान्त होतो. दोन शिंगांचा एडका दिसतो, मग एक बकरा येऊन त्याला तुडवतो. हे काय ते आपल्याला शोधावं लागत नाही. त्याच अध्यायात सांगितलंय, एडका म्हणजे मेदी आणि पारसी राजे, बकरा म्हणजे ग्रीस. कोडमध्येच कमेंट लिहिल्यासारखं! पण मध्येच येतं की २३०० संध्याकाळ-सकाळ झाल्यावर पवित्रस्थान शुद्ध होईल. आणि या आकड्याला कमेंट नाही.

इथे येतो विल्यम मिलर. न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, १८१२ च्या युद्धात लढलेला, पुढे बॅप्टिस्ट उपदेशक. गणना आणि यहेज्केल या पुस्तकांत एका दिवसाला एक वर्ष असा हिशेब सापडतो, तो त्याने इथे लावला. सुरुवात धरली इ.स.पू. ४५७, अर्तहशश्त राजाचा यरुशलेमबद्दलचा हुकूम. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी, शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचं पुनरागमन. म्हणजे बघा, दिवस प्रतीक, पवित्रस्थान प्रतीक, पण २३०० मात्र शब्दशः. कुठला शब्द कुठल्या खात्यात टाकायचा, हे ठरवलं वाचणाऱ्याने.

२३०० वजा ४५७, उत्तर १८४३. पण आम्हा प्रोग्रॅमर लोकांचा जुना शत्रू इथेही आहे. इसवी सनात शून्य वर्षच नाही, त्यामुळे उत्तर एकाने सरकतं. १८४४. मिलर सुरुवातीला 'सुमारे १८४३' एवढंच म्हणायचा. नेमकी तारीख सॅम्युएल स्नोने काढली, यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरून. २२ ऑक्टोबर १८४४.

काही शेतकऱ्यांनी पीक शेतात तसंच ठेवलं. कापून करायचं काय? लोक रात्रभर जागले, आणि २३ तारीख नेहमीसारखी उजाडली. इतिहासात याला 'महानिराशा' म्हणतात. मला यावर हसू येत नाही. मिलर बायबल आणि शब्दसूची समोर ठेवून वर्षानुवर्षं बसला होता, आळशी वाचक नव्हता.

पुढची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे. हायरम एडसन आणि त्याच्या सोबत्यांनी आकडा तसाच ठेवला, जागा बदलली. पवित्रस्थान पृथ्वी नव्हे, तर स्वर्गातलं, इब्री लोकांस पत्रात येतं ते. यातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच. मिलरला मात्र हा नवा अर्थ पटला नाही, तो १८४९ मध्ये गेला. माझं मत विचाराल तर, टेस्ट फेल झाल्यावर अपेक्षित उत्तरच बदललं की मी जरा सावध होतो. ॲडव्हेंटिस्ट मित्र म्हणतील, तो अर्थ शास्त्रातूनच आलाय. म्हणू देत, वाद घालायला मजा येते.

आता बरेच अभ्यासक काय म्हणतात ते ऐका. अँटिऑकस चौथ्याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचं मंदिर बाटवलं, १६४ मध्ये ते पुन्हा शुद्ध झालं. हनुक्का हा सण त्याचाच. मंदिरात रोज सकाळ-संध्याकाळ अर्पण व्हायचं. मग २३०० अर्पणं म्हणजे ११५० दिवस, तीन वर्षांहून थोडे जास्त. इथे दिवस म्हणजे दिवसच, मंदिर म्हणजे मंदिरच! 'श्रद्धाळू शब्दशः वाचतात, अभ्यासक प्रतीकं शोधतात' असं आपण धरून चालतो ना? या वचनात नेमकं उलटं झालंय.

मला हा अर्थ जवळचा वाटतो. पण हिशेब इथेही पक्का बसत नाही, काही आठवडे उरतात. तेवढ्यासाठी मी दिवसाचं वर्ष करणार नाही.

पुढच्या भागात प्रकटीकरणातली हजार वर्षं. तिथे तर तीन गट आहेत. भेटू.