द्रव्य अढळ, कल्पना कालबाह्य

कॉम्रेड्स, अणूविषयीची कल्पना बदलली की ‘द्रव्यच नाहीसे झाले’ असा गिल्ला भाववादी करतात. कालबाह्य होतात त्या कल्पना, द्रव्य नव्हे, हे लेनिन यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते.

मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, १९२८ साली याचा पडताळा आला. जर्मन शास्त्रज्ञ सोमरफेल्ड तेथे आले असता प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर त्यांना भेटला. त्यांचा अणुरचनेवरील ग्रंथ त्याने आत्मसात केला होता. खुद्द ग्रंथकारानेच सांगितले की, हे सारे आता जुने झाले! (असा प्रामाणिकपणा विरळाच.) ठराविक कक्षांतून फिरणारा इलेक्ट्रॉन पुंजयामिकीने मोडीत काढला होता. सोमरफेल्ड यांनी नव्या सांख्यिकीवर आधारलेल्या आपल्या लेखाची मुद्रिते त्याच्या हाती ठेवली. विद्यार्थी हादरला, पण खचला नाही. त्याच सांख्यिकीवरील त्याचा निबंध १९२९ मध्ये रॉयल सोसायटीने छापला.