जांभ्या सड्यांची वनस्पतिसृष्टी : स्वागताध्यक्षीय भाषण

कोकणातला जांभा बहुतांशी बेसॉल्ट झिजून तयार झाला. मुसळधार पाऊस आणि कडक उन्हाच्या दीर्घ पाळ्यांत मूळ खडकातील सिलिका व क्षार वाहून गेले. लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरली आणि त्यांचे टणक कवच बनले. नवी मुंबईच्या पारसिक डोंगरात बेसॉल्ट उघडा आहे, पूर्वेला माथेरानच्या माथ्यावर जांभा आहे. त्याचे विस्तीर्ण सडे, म्हणजे कातळपठारे, मात्र रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि घाटमाथ्यावर कासला आढळतात. या सड्यांच्या वनस्पतींचा विचार करण्यासाठी नवी मुंबईत आलेल्या सर्व अभ्यासकांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत.

सड्यावर माती जेमतेम, तीही आम्लधर्मी. तिच्यात नत्र कमी, आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला जखडलेले. पावसात पाणी तुंबते, उन्हाळ्यात कातळ भाजून निघतो. त्यामुळे बहुतेक वनस्पती चार महिन्यांत आयुष्यक्रम उरकून बीजरूपाने वा कंदरूपाने उरतात. सीतेची आसवे ही वनस्पती सूक्ष्म पिशव्यांनी जलजीव टिपते, दवबिंदू चिकट केसांनी कीटक पकडते; दोघींची नत्राची गरज अशी भागते. ओल्या सपाटीवर गेंद फुलतात, तर भेगांत माती साठते तिथे झुडपे तग धरतात.

या प्रदेशाच्या वनस्पतींची नोंद डालझेल व गिब्सन यांच्या १८६१च्या ‘बॉम्बे फ्लोरा’त आणि पुढे कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळातील ग्रंथात झाली. कोकणातील दीपकाडीचे वर्णन डालझेल यांनी १८५०मध्येच केले होते. साताऱ्याचा वायतुरा मात्र १९८२मध्ये विज्ञानाला ठाऊक झाला. कास २०१२मध्ये जागतिक वारशात आले. ब्राझीलमधील लोहकवची ‘कांगा’ भूमीवरही अशीच खास वनस्पतिसृष्टी आहे.

सड्याचे सर्वेक्षण एका फेरीत होत नाही. दीपकाडी पहिल्या सरींबरोबर फुलते, गेंद व सीतेची आसवे पाऊस मुरल्यावर, आणि गवते ओळखायला पावसाळ्याची अखेर गाठावी लागते. म्हणून एकाच जागी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पुन्हा पुन्हा जावे लागते आणि डबके, भेग, खडीचा उतार यांची नोंद वेगवेगळी ठेवावी लागते.

मे महिन्यात पाहिलेला सडा उजाडच दिसतो, आणि कागदोपत्रीही तो अनेकदा पडीक ठरतो. मग चिरेखाणी, बॉक्साइटचे उत्खनन किंवा कातळ फोडून केलेल्या आंबाबागा यांना तो सहज मिळतो. फुटलेले कवच माणसाच्या आयुष्यात पुन्हा बनत नाही. म्हणून सड्याच्या वापराचा निर्णय पावसाळी सर्वेक्षणानंतरच व्हायला हवा.