इटलीत एक दिवस मोंतोनेसाठी

आपल्या समता कॉलनीतून हल्ली बरेच जण इटली करून येतात. रोम, व्हेनिस, पिसाचा मनोरा, झालं. हौशी मंडळी सिसिलीत नोतोपर्यंत पोचतात. 1693 च्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं ते बरोक गाव सुंदरच आहे, जरूर पाहा. पण एक दिवस मोंतोनेला द्या.

पेरुजाच्या उत्तरेला, टायबरच्या खोऱ्यात टेकडीवर बसलेलं हे जुनं गाव. गल्ल्या चढाच्या, बूट चांगले घाला. सान फ्रान्चेस्कोचं जुनं चर्च आता संग्रहालय आहे, ते बघून घ्या. मग खालच्या खोऱ्याकडे बघा.

10 जुलै 1944. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, वय 22. मशिनगनच्या माऱ्यात त्यांचं सगळं सेक्शन पडलं. सेक्शन म्हणजे दहाएक माणसं, एका ताटात जेवलेली. उरले हे एकटे. आडोसा धरून थांबले असते तर कोणी बोल लावला नसता. ते सरळ धावून गेले. ग्रेनेडनं गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

त्यांची कबर नाही. नाव कसिनोच्या स्मारकावर आहे, रोम-नेपल्सच्या वाटेवर. मोंतोनेत 2023 मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं गेलं, म्हणून ऊन असताना जा. टूरवाल्याला गावाचं नाव लिहूनच द्या, त्याच्या यादीत ते बहुधा नसेल.