उशिरा आलेल्या वर्गणीदारास काय द्यावे?



संगणकांच्या परस्पर संदेशव्यवहारात एक पद्धत रूढ आहे. धाडणारा आपला संदेश एका विषयाच्या नावे मध्यस्थाकडे देतो आणि त्या विषयाचे जे वर्गणीदार असतील त्यांना मध्यस्थ तो पोहोचवितो. या मध्यस्थास 'ब्रोकर' म्हणतात; आम्हा कापडवाल्यांना हा शब्द निराळा समजावून सांगावा लागत नाही. धाडणाऱ्यास घेणारा ठाऊक नसतो, हीच यातील सोय आणि हीच अडचण. संदेश निघून गेल्यावर जो वर्गणीदार होतो, त्याने काय करावे?

तेलवाहिन्यांच्या देखरेखीसाठी १९९९ साली आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी एमक्यूटीटी ही प्रणाली रचली. तीत संदेशावर 'राखून ठेवा' अशी खूण असल्यास ब्रोकर त्या विषयाचा शेवटचा एकच संदेश जपतो आणि नव्याने येणाऱ्यास तत्काळ देतो, तोही राखीव असल्याच्या खुणेसह. दुकानातील भावफलकच हा! सायंकाळी येणाऱ्यास सकाळचा पुसलेला भाव कशाला हवा?

खातेवहीचे मात्र तसे नाही. तेथे मधली प्रत्येक नोंद लागते. लिंक्डइनमध्ये घडलेली आणि २०११ साली सर्वांस खुली झालेली काफ्का ही प्रणाली संदेश क्रमाने लिहून ठेवते. वाचले म्हणून पुसत नाही. मूळ मांडणीत ही मुदत ७ दिवसांची असते. तरीही नव्या वाचकास, वेगळे सांगितले नसल्यास, पुढचेच संदेश मिळतात. मागचे हवे असल्यास तसे नमूद करावे लागते. पुष्कळांच्या हे ध्यानी येत नाही.

खरा धोका आज्ञेत आहे. 'टाकीची पातळी ४ मीटर' हा संदेश राखला तर उपकार. 'झडप उघडा' हा राखला तर अपाय. तासाभराने वीज येऊन जागे झालेले यंत्र ती आज्ञा ताजी समजून, मधल्या काळात कोणी हाताने बंद केलेली झडप पुन्हा उघडील. राखीवपणाची खूण असते खरी, परंतु ती पाहण्याची तजवीज रचनाकाराने केली असेल तरच तिचा उपयोग. २०१९ साली प्रमाणित झालेल्या पाचव्या आवृत्तीत संदेशास हुंडीसारखी मुदत घालता येते. तेवढ्यावर मी भिस्त ठेवणार नाही. आज्ञा राखूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चुकून राखली गेलीच, तर त्याच विषयावर राखण्याच्या खुणेसह कोरा संदेश धाडावा, म्हणजे ती पुसली जाते.