खडी फौज, राखीव फौज आणि वर्दी न घातलेले मंत्री

'ब्रिटनची आटती फौज' हा विषय साताऱ्यात ऐकायला कोण येणार, अशी धास्ती संयोजकांना होती. पण वक्ते निवृत्त कर्नल आहेत हे पत्रिकेत वाचून माजी सैनिकांनी सभागृहाच्या पुढच्या रांगा वेळेआधीच धरल्या होत्या. त्यात आपशिंगे मिलिटरीची मंडळी होती. पहिल्या महायुद्धात ज्या गावाची ४६ माणसं कामी आली, त्या गावाला फौजेची गोष्ट परदेशातली असली तरी परकी वाटत नाही.

कर्नलसाहेब मनात एक गोष्ट पक्की करूनच आले होते आणि ती त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकली. ज्यानं पाठीवर पिट्ठू घेऊन रात्रभर चाल केली नाही, त्यानं फौजेच्या आकड्याला हात लावू नये! टाळ्या पडल्या. शीतयुद्ध संपलं, इराक-अफगाणिस्तान झालं, २००८ ची मंदी आली, "हे सगळं आपल्याला ठाऊकच आहे" असं म्हणत त्यांनी वीस वर्षं एका दमात मागे टाकली. टेरिटोरियल आर्मी, म्हणजे आपापली नोकरी सांभाळून शिपाईगिरी करणाऱ्यांची राखीव फौज, काय असते हे साताऱ्याला सांगायला नको, असं ते म्हणाले तेव्हा मागून कोणीतरी "धोनी!" असं ओरडलं. धोनीला टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल केलेलं आहे, त्यामुळे उत्तर चुकीचं म्हणता येत नव्हतं. हशा ओसरेपर्यंत कर्नलसाहेब पाणी प्यायले.

मग ते मुद्द्यावर आले. ५ जुलै २०१२ रोजी ब्रिटनचे संरक्षणमंत्री फिलिप हॅमंड यांनी पार्लमेंटमध्ये 'आर्मी २०२०' ही योजना मांडली. १,०२,००० ची खडी फौज ८२,००० वर आणायची आणि त्या बदल्यात राखीव फौज वाढवून ३०,००० प्रशिक्षित शिपाई उभे करायचे. जुन्या रेजिमेंटांच्या पलटणी मोडीत निघाल्या. त्यात रॉयल रेजिमेंट ऑफ फ्युझिलिअर्सची दुसरी पलटण होती. कात्रीत सापडलेल्या आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्सची तर एक कंपनी तेवढी उरली, तीही समारंभी पहाऱ्यासाठी. हॅमंड व्यवसायाच्या दुनियेतून आलेले, संरक्षण खात्याआधी वाहतूक खातं सांभाळलेले. वर्दीशी संबंध नाही.

पुढचा प्रसंग त्यांनी फार रंगवून सांगितला. घोषणेला जेमतेम आठवडा झाला होता आणि लंडन ऑलिंपिक तोंडावर आलं होतं. सुरक्षेचं कंत्राट जी-फोर-एस या खासगी कंपनीकडे होतं. पुरेशी माणसं देता येत नाहीत, अशी कबुली कंपनीनं दिली आणि १२ जुलैला ३,५०० जादा सैनिक बोलवावे लागले. लोकांच्या पिशव्या तपासायला, फाटकावर उभं राहायला! सैनिकांच्या सुट्ट्या गेल्या. "मागच्या गुरुवारी जास्त झाले होते, या गुरुवारी कमी पडले," कर्नलसाहेब म्हणाले. या एका वाक्यावर ते खुर्चीत बसले असते तरी व्याख्यान वसूल होतं.

ते बसले नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये ३८ वॉरंट ऑफिसरांना नोकरी संपत असल्याचं ई-मेलनं कळवलं गेलं, त्यातला एक तेव्हा अफगाणिस्तानात होता, हे त्यांनी सांगितलं. वॉरंट ऑफिसर म्हणजे आपले सुभेदार-सुभेदार मेजर, असं त्यांनी जोडताच पुढच्या रांगांतून जो आवाज उठला, तो लिहून दाखवण्यासारखा नाही. मंत्रालयानं नंतर माफी मागितली, हे त्यांनी सांगितलं खरं, पण फार हळू आवाजात.

राखीव फौजेचं काय झालं? दहा वर्षांत १.८ अब्ज पौंड खर्चायचं ठरलं. राखीव शिपायाला मोहिमेवर बोलावलं, तर त्याच्या छोट्या कंपनीला महिन्याला ५०० पौंड द्यायचंही ठरलं. ब्रिटनच्या टेरिटोरियल आर्मीचं नाव बदलून 'आर्मी रिझर्व्ह' झालं. पण प्रशिक्षित शिपायांचा आकडा सुरुवातीची वर्षं २०,००० च्या अलीकडेच घुटमळत राहिला. ब्रिटनच्या लेखापरीक्षण कार्यालयानं जून २०१४ मध्ये स्पष्ट लिहिलं, की इतकी राखीव भरती होऊ शकते का याची नीट तपासणी न करताच खडी फौज कमी करायचा निर्णय झाला. भरतीचं काम कॅपिटा या कंपनीकडे दिलेलं. तिची ऑनलाइन यंत्रणा ५२ महिने उशिरा आली. २०१८ च्या सुमारास निम्म्या उमेदवारांना अर्जापासून प्रशिक्षण सुरू व्हायला ३२१ दिवसांपर्यंत वाट पाहावी लागत होती. तेवढ्यात पोराला दुसरी नोकरी लागते, हे साताऱ्यातल्या कुठल्याही बापाला सांगावं लागत नाही.

इथवर व्याख्यान घडीवर चाललं होतं. मग 'राखीव फौज कोणी उभी केली' हे दोन मिनिटांत सांगतो म्हणून कर्नलसाहेब रिचर्ड हॉल्डेनकडे वळले आणि वीस मिनिटं तिथेच रमले.

हॉल्डेन हे वकील आणि तत्त्वज्ञानाचे व्यासंगी. शोपेनहॉवरचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्यांपैकी एक. डिसेंबर १९०५ मध्ये ते युद्धमंत्री झाले. सेनापतींनी विचारलं, तुम्हाला कशी फौज हवी? हे म्हणाले, हेगेलियन फौज, म्हणजे तत्त्वज्ञ हेगेलच्या विचारातली! त्यावर सेनापतींचं बोलणंच खुंटलं, असं हॉल्डेननी स्वतःच नोंदवून ठेवलंय. पण त्यांनी आधी विचारलं, फौज कशासाठी? उत्तर आलं, युरोपात उतरायला. मग सहा पायदळ डिव्हिजन आणि एक घोडदळ डिव्हिजन, हा हिशेब ठरला. त्यात न बसणाऱ्या काही खड्या पलटणी त्यांनी मोडल्या. स्थानिक स्वयंसेवकांच्या विस्कळीत तुकड्या एकत्र करून १ एप्रिल १९०८ रोजी टेरिटोरियल फोर्स उभी केली, १४ पायदळ डिव्हिजन आणि १४ घोडदळ ब्रिगेडची. तिचा कारभार परगण्यापरगण्यातल्या मंडळांकडे दिला. वर्षातून पंधरा दिवसांचा कॅम्प, एरवी संध्याकाळी गावच्या ड्रिल हॉलमध्ये कवायत.

१९१४ मध्ये किचनर युद्धमंत्री झाले. आयुष्य फौजेत काढलेला माणूस. त्याचा या हौशी शिपायांवर विश्वास नव्हता, म्हणून त्यानं नवीच फौज भरती केली. टेरिटोरियल तरीही लढले. त्यांच्या काही डिव्हिजन हिंदुस्थानात पाठवून इथल्या गोऱ्या पलटणी मोकळ्या केल्या गेल्या. त्यांतल्याच हॅम्पशायर रेजिमेंटच्या पलटणीची एक तुकडी मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात सापडली. सोबत सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणी. २९ एप्रिल १९१६ ला सगळेच कैद झाले. कुटचं नाव येताच सभागृह सावरून बसलं. एका आजोबांनी उभं राहून आमच्या चुलत आजोबांचं नाव घ्या म्हणून आग्रह धरला, आणि कर्नलसाहेबांनी ते घेतलं.

हॉल्डेनना मात्र १९१५ मध्ये जर्मनधार्जिणे ठरवून मंत्रिमंडळाबाहेर काढलं होतं. युद्ध जिंकल्यावर जुलै १९१९ मध्ये युद्धातले ब्रिटिश सेनापती फील्ड मार्शल हेग त्यांच्या लंडनच्या घरी गेले आणि आपल्या युद्धवृत्तांताची प्रत देऊन आले. ब्रिटनला लाभलेला सर्वांत मोठा युद्धमंत्री, अशा अर्थाचा मजकूर त्यावर हेगनी स्वतः लिहिला होता.

अडचण इथेच होती. पलटणी मोडल्या, राखीव फौजेवर भिस्त ठेवली, वर्दी कधी घातली नाही: हॅमंडवरचे तिन्ही आरोप हॉल्डेनना लागू होतात. आणि वक्ते तर त्यांचेच गोडवे गात होते! तिसऱ्या रांगेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हे अचूक पकडलं. "साहेब, आपल्या यशवंतरावांनी तरी कुठे वर्दी घातली होती?"

कराडच्या माणसाचं नाव साताऱ्यात घेतल्यावर वक्त्याला दोनच वाटा उरतात. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, मोडलेली फौज सावरली आणि १९६५ चं युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झालं. कर्नलसाहेब म्हणाले, ते अपवाद होते. मुख्याध्यापक म्हणाले, दोन अपवाद झाले. कर्नलसाहेब थोडे तडकले. मग त्यांनी ब्रिटनच्या पंतप्रधानांची यादी काढली: ॲटली गॅलिपोलीत, मॅकमिलन सोममध्ये जखमी, हीथ तोफखान्यात, कॅलाहन नौदलात, कॅलाहननंतर १९७९ पासून एकही नाही. सक्तीची लष्करी सेवा १९६३ मध्ये पुरती संपली, तेव्हा हे होणारच होतं. यादी खरी होती, प्रश्नाचं उत्तर मात्र तीत नव्हतं. उलट १९८१ मध्ये नौदलाला कात्री लावणारे संरक्षणमंत्री जॉन नॉट हे गुरखा पलटणीतले माजी अफसर, आणि पुढच्याच वर्षी फॉकलंडचं युद्ध उभं राहिलं. हे उदाहरण त्यांच्या टिपणात होतं. त्यांनी ते प्रामाणिकपणे वाचलं आणि पान झटकन उलटलं.

अध्यक्षांनी घंटा वाजवली. अग्निवीरांबद्दल चिठ्ठी आली होती. आपल्या फौजेची २०२२ ची भरती योजना: चार वर्षं नोकरी, मग चौथा हिस्सा तेवढा कायम. "वेळ नाही," म्हणत त्यांनी ती खिशात टाकली. पुढच्या रांगा नाराज झाल्या. ज्यांची नातवंडं भरतीच्या वयात आहेत त्यांना हाच विषय हवा होता.

शेवटी मोबाइलवर बघून एका तरुणानं विचारलं, २०२१ मध्ये ब्रिटिश फौज ७२,५०० वर आणायचं ठरलं तेव्हा मंत्री बेन वॉलेस होते, ते स्कॉट्स गार्ड्सचे कॅप्टन नव्हते का?

"कॅप्टनच होते," कर्नलसाहेब म्हणाले, "कर्नल नव्हते!" सभागृह कोसळलं. हशात त्यांचं पुढचं वाक्य बहुतेकांना ऐकू गेलं नाही: याच वॉलेसनी जानेवारी २०२३ मध्ये पार्लमेंटमध्ये उभं राहून फौजा आतून पोखरल्या गेल्याचं कबूल केलं होतं. तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.