परदेशी सेवेला निघताना



आम्ही कामगार संघटनेतले माणूस. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, वर्तमानपत्रे आणि कराराचे मसुदे वाचता वाचता. या व्यासपीठावर विद्वान बोलतात. आम्ही बोलणार ते अनुभवापुरते.

सेवेची थोरवी सांगणारे पुष्कळ आहेत. सेवेसाठी परदेशी निघायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगणारे कमी. म्हणून आज बोलायचे ते उंबरठ्यापर्यंतच्या गोष्टींविषयी.

उदाहरण आपल्या सोलापूरचे घेऊ. १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबई बंदरातून बोट सुटली, तेव्हा कोटणिसांना अठ्ठावीस पुरी व्हायची होती.

आता बोटीकडे न पाहता घराकडे पाहा. वडील गिरणीत नोकरीला, घर मोठे, भावंडे पुष्कळ. मुलगा मुंबईला डॉक्टर झालेला आणि पुढच्या परीक्षेच्या तयारीत. अशा घरी मुलगा डॉक्टर होतो तेव्हा सगळे घर त्याच्या पहिल्या कमाईची वाट पाहत असते. आणि तो म्हणतो, मी चीनला जातो! त्यांच्या भगिनींनी पुढे सांगून ठेवले आहे की घरच्यांना चीन माहीत होता तो रेशीम विकायला येणाऱ्या फेरीवाल्यांपुरता. वडिलांनी उत्तेजन दिले. आईला मात्र फार वाईट वाटले.

आईचे ते वाईट वाटणे आम्ही दुबळेपणा मानत नाही. संपाचे मतदान घेण्यापूर्वी आम्ही प्रत्येक कामगाराला विचारतो, "घरी बोललात का?" कारण दरवाजासभेत हात वर करणारा एक असतो आणि महिनाभर डब्यातले पीठ मोजणारी दुसरीच असते. तिला आधी सांगितले असेल तर ती संप चालवते. न सांगता उतरलात तर दहाव्या दिवशी घरातच संप फुटतो. परदेशी सेवेचेही तसेच आहे. महिन्याचा खर्च किती, कर्जाचा हप्ता कोण भरणार, म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेणार, वाईट बातमी आली तर कळवायची कोणी आणि यायचे की नाही, हे सारे बॅग भरण्यापूर्वी कागदावर उतरले पाहिजे. असे बोलणे अशुभ नव्हे.

दुसरी तयारी हाताची. मन मोठे असून भागत नाही, हाताला काम यावे लागते. कोटणीस शस्त्रक्रिया जाणत होते म्हणून उपयोगी पडले. तिथे जाऊन त्यांनी चिनी भाषा शिकली, इतकी की त्या भाषेत ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले. निघण्यापूर्वी परक्या भाषेतली शंभर वाक्ये तरी पाठ करावी, आणि आपल्यापेक्षा कमी शिकलेल्याचा हुकूम ऐकण्याची सवय करावी. ती पुष्कळांना जड जाते.

तिसरी गोष्ट आमच्या धंद्याची. संयुक्त राष्ट्रसंघाची स्वयंसेवक योजना १९७० साली स्थापन झाली. तिच्यामार्फत आणि इतर संस्थांमार्फत आजही माणसे देशोदेशी जातात. जाणाऱ्याने कागद नीट वाचावा. राहण्याखाण्याचा खर्च कोणाकडे, विमा आहे का, मुदत किती, परतीचे तिकीट कोणाचे, हे पाहावे. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. आणि एक प्रश्न अवश्य विचारावा : आपण फुकट करणार ते काम तिथला कोणी पगार घेऊन करू शकला असता का? तसे असेल तर आपली सेवा त्याच्या ताटातली भाकरी काढते. जिथे माणूसच मिळत नाही तिथे जावे, आणि तिथली माणसे तयार करून यावे.

कोणी म्हणेल, घराचा एवढा हिशेब मांडता, मग कोटणिसांचे काय? प्रश्न रास्त आहे. ते चीनमध्ये असतानाच वडील वारले. बातमी पोहोचली, पण ते परतले नाहीत. पथकाबरोबर येनानला गेले. बाकीचे चौघे कोणी आधी, कोणी नंतर मायदेशी आले. कोटणीस १९४१ साली बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथेच त्यांनी लग्न केले, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे तिथेच निधन झाले. १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर बोलपट काढला. चीनमध्ये त्यांचे स्मारक आहे, सोलापुरातही आहे.

ते का परतले नाहीत, याचा न्याय करणारे आम्ही कोण? पण सोलापूरच्या त्या घरात कर्ता गेल्यावर जे ओझे उरले, ते कोणाच्या तरी खांद्यावर पडलेच असेल. पुतळा जाणाऱ्याचा उभा राहतो. मागे राहून ज्यांनी त्याला जाऊ दिले, त्यांच्याही नावाने ती सेवा लिहिली पाहिजे.

म्हणून शेवटचे सांगणे जाणाऱ्याला नाही, तुम्हा आम्हाला आहे. आपल्या आळीतली एखादी परिचारिका, एखादा शिक्षक असा निघाला तर निरोपाला आपण हार घेऊन जातोच. तसेच चौथ्या महिन्यात त्याच्या घरी जावे. लाइटबिल भरले का, औषध आणले का, ते विचारावे, आणि नसेल तर आपण करून द्यावे. एवढे गाव करील तर जाणाऱ्याचे मन तिथल्या कामात राहील.