काचेच्या टाकींतील मासे व त्यांची गाळणी

दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत काचेची टाकी, तिच्यांत हिरव्या पाणवनस्पति आणि त्यांमधून संथपणें फिरणारे चार-पांच गोल्डफिश. शहरांतील घराला याहून शांत शोभा क्वचितच असेल. मुलें शाळेंतून आलीं कीं प्रथम टाकीकडे धांवतात, आणि पाहुण्यांची दृष्टि बोलतां बोलतां तिकडे वळते. असे आठ-दहा दिवस जातात, आणि एके सकाळीं मासे वर येऊन पृष्ठभागाशीं तोंडें उघडझांप करीत असलेले दिसतात. पाणी तर भिंगासारखें स्वच्छ असतें! मासे उपाशी असावेत अशा समजुतीनें कोणी चिमूटभर दाणे अधिक टाकतो. दुसऱ्या दिवशीं एक मासा उलटा तरंगतांना आढळतो, आणि ‘तो कां मेला?’ या मुलांच्या प्रश्नाला घरांत कोणाजवळच उत्तर नसतें.

उत्तर त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यांतच असतें. माशाच्या कल्ल्यांवाटें अमोनिया सतत बाहेर पडत असतो. शिवाय न खाल्लेले दाणे व विष्ठा कुजून त्यांत भर पडते. हें विष पाण्यांत विरघळलेलें असतें; त्याला रंग नसतो, आणि घातक प्रमाण झालें तरी बहुधा वासहि येत नाहीं. नदींत किंवा तळ्यांत पाणी अफाट असल्यामुळें तें विरून जातें, परंतु काचेच्या चार भिंतींत त्याला जाण्यास वाट नसते. दख्खनच्या पठारावरील विहिरींचें जड व क्षारधर्मी पाणी असेल, तर तितकाच अमोनिया अधिक जाचक होतो. आणि उन्हाळ्यांत तर विशेषच.

हा प्रश्न नवा नाहीं. १८५० सालीं लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें टाकींत गोल्डफिशांबरोबर पाणवनस्पति व गोगलगाई ठेवल्या, आणि वारंवार पाणी न बदलतां मासे जगूं शकतात असें दाखविलें. परंतु त्याच्या टाकींत मासे अगदीं थोडे होते. आपल्या घरांत हौस असते दहा माशांची आणि जागा दोघांपुरती. त्यानंतर ४० वर्षांनीं, म्हणजे १८९० च्या सुमारास, सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानें जमिनींतील असे सूक्ष्म जंतु वेगळे करून दाखविले, कीं जे अमोनियाचें रूपांतर प्रथम नायट्राइटमध्यें व मग नायट्रेटमध्यें करून त्यावरच आपली उपजीविका चालवितात. नायट्राइटहि माशांना घातकच आहे. नायट्रेट मात्र त्या मानानें पुष्कळच सौम्य असून, दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदललें म्हणजे तो आटोक्यांत राहतो. त्याच कामाचे जंतु टाकींतहि आपोआप येतात. गाळणी विकत घ्यावयाची ती मुख्यतः या अदृश्य चाकरांना राहण्यास जागा मिळावी म्हणून. कचरा अडविणें हें तिचें दुय्यम काम होय. एवढी गोष्ट ध्यानांत ठेवली, म्हणजे बाजारांतील बहुतेक मोह आपोआप गळून पडतात.

सध्यां ज्या गाळणीची हौशी लोकांत विशेष चर्चा असते, ती कॅनिस्टर फिल्टर. हा एक झांकण घट्ट बसणारा उभा डबा असतो आणि तो टाकीच्या खालीं कपाटांत ठेवावयाचा असतो. एका नळींतून टाकींतील पाणी आपल्याच भारानें त्यांत उतरतें, आंतील स्पंज व चिनी मातीच्या सच्छिद्र कड्या यांच्या थरांमधून जातें, आणि झांकणांतील विजेची मोटर तें दुसऱ्या नळीनें परत वर चढविते. टाकींतील जागा अडत नाहीं, आवाज थोडा, आणि आंत साहित्य पुष्कळ मावतें, हे तिचे गुण आहेत. तथापि प्रत्येक घराला ती हवीच असें नाहीं. ज्याची टाकी ५०-६० लिटरांची आहे आणि जींत लहान मासे थोडे आहेत, त्याला हवेच्या पंपावर चालणारी साधी स्पंजाची गाळणी पुरते. ती अल्प किंमतींत मिळते आणि तिच्यांत बिघडण्यासारखें फारसें नसतेंच. १०० लिटरांच्या पुढची टाकी असेल, किंवा गोल्डफिशांसारखे बरेच खाणारे व बरेच घाण करणारे मासे असतील, तर मात्र कॅनिस्टरचा विचार करावा.

दुकानांत गेल्यावर खोक्यावर प्रथम दिसतो तो तासाला किती लिटर पाणी फिरतें याचा मोठा आंकडा. तो खोटा नसला तरी बहुधा रिकाम्या डब्याचा असतो. डबा साहित्यानें भरला, नळ्या जोडल्या आणि पाणी तीन-चार फूट चढवावें लागलें, म्हणजे प्रत्यक्ष प्रवाह पुष्कळदां त्याच्या निम्म्या-दोनतृतीयांशावर येतो. उदाहरणार्थ, तीन फूट लांब, सवा फूट रुंद व दीड फूट उंच अशी टाकी घ्या. घनफुटास २८.३ लिटर या हिशेबानें ती सुमारें १५९ लिटरांची होते. वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा वजा जातां पाणी १३० लिटर धरावें. खोक्यावरचा आंकडा पाण्याच्या पांच-सहापट असला, म्हणजे प्रत्यक्षांत तासाला तीन-चार वेळां पाणी फिरतें, आणि तेवढें पुरे आहे. या टाकीला ७०० ते ८०० लिटरांची गाळणी योग्य ठरेल. त्याहून फार मोठी घेतल्यास लांब शेपटीच्या मंद माशांना प्रवाहाशीं झुंजतच दिवस काढावे लागतात.

दुसरी गोष्ट डब्याच्या पोटाची. दोन गाळण्यांचा प्रवाह सारखा असेल, तर जिच्या टोपल्यांत अधिक साहित्य मावतें ती घ्यावी. कारण जंतूंची वस्ती साहित्याच्या पृष्ठभागावर असते, मोटरींत नव्हे. मात्र हें साहित्य महागच असलें पाहिजे असें नाहीं. पाणी जेथून प्रथम शिरतें तेथें जाड छिद्रांचा स्पंज, मग बारीक स्पंज, आणि त्यापुढें सच्छिद्र कड्या, एवढी योजना उत्तम चालते. पुष्कळ डब्यांत पाणी तळाकडून वर चढतें, तेव्हां जाड स्पंज तळाशीं येतो. नेमका मार्ग डब्याबरोबरच्या पत्रकावरून पाहून घ्यावा. कोळशाची पिशवी सदा ठेवण्याचें कारण नाहीं. औषधोपचारानंतर पाण्यांतील औषध काढण्यास ती उपयोगी पडते, परंतु कांहीं आठवड्यांत तिची शोषणशक्ति संपते.

तिसरी गोष्ट विश्वासाची, आणि घराच्या फरशीचीहि. कॅनिस्टर गळूं लागला तर पाणी दिवाणखान्यांत येतें. झांकणाखालचें रबरी कडें हेंच तिचें मर्मस्थान होय. म्हणून दुकानदाराला ‘ही किती वर्षें चालेल?’ असें विचारण्यापेक्षां ‘हिचें रबरी कडें, इंपेलर म्हणजे पाणी ढकलणारी फिरकी, तिचा बारीक दांडा आणि नळ्यांच्या तोट्या सुट्या मिळतात काय, आणि केवढ्यास?’ असें विचारावें. मुंबईंत कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारांत काय किंवा पुण्यांतील एखाद्या लहानशा दुकानांत काय, हे चार सुटे भाग तेथल्या तेथें काढून दाखविणारा दुकानदार भेटला, तर त्याच्याकडील साधी गाळणी ही सुटे भाग न मिळणाऱ्या नामांकित गाळणीपेक्षां अधिक भरंवशाची समजावी. शंभर रुपयांच्या कड्यासाठीं आठ हजारांचा डबा अडगळींत पडणें हा कांहीं काटकसरीचा मार्ग नव्हे. दोन्ही नळ्यांना बंद करतां येणाऱ्या तोट्या आहेत कीं नाहींत, हेंहि पाहावें. त्या नसतील तर दर सफाईच्या वेळीं फरशी भिजते, आणि मग सफाईच टाळली जाते.

घरीं आणल्यावर डबा कोरडा पुसून वर्तमानपत्राच्या कोऱ्या भागावर उभा करावा आणि रात्रभर चालूं ठेवावा. सकाळीं कागदावर ओलाव्याचा डाग दिसला तर ती त्याच दिवशीं परत करावी. रबरी कड्याला सिलिकॉनचें वंगण लावावें. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावल्यास कांहीं जातींचें रबर फुगून निकामी होण्याची भीति असते. पाणी ओढणाऱ्या नळीचें तोंड तळापासून चार बोटें वर असावें, म्हणजे दुर्दैवानें गळती लागलीच तर माशांपुरतें थोडें पाणी टाकींत उरतें. विजेच्या तारेला बटणाच्या खालीं झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारा थेंब बटणांत न शिरतां खालीं पडतो. आणि पाण्यांत हात घालण्यापूर्वीं वीज बंद करावी.

किंमतीचा विचार करतांना पुष्कळ लोक खरेदीच्या दिवसाचाच हिशेब करतात. गाळणी मात्र अहोरात्र चालते. एक गाळणी २० वॅटची व दुसरी ८ वॅटची असें समजा. १२ वॅटचा हा फरक वर्षाला सुमारें १०५ युनिटांवर जातो. युनिटाला ८ रुपये धरले तर वर्षाला ८४० आणि पांच वर्षांत ४,२०० रुपये होतात. म्हणजे दुसरी गाळणी दोन हजारांनीं महाग असली तरी ती अखेर स्वस्तच पडते. खोक्यावरील लिटरांच्या आंकड्याखालीं वॅटचा बारीक आंकडा छापलेला असतो. तो अवश्य वाचावा.

एवढें करूनहि, उत्तम गाळणी आणल्याबरोबर मासे सोडणें ही चूक होय. जंतूंची वस्ती जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळांत मासे अगदीं थोडे ठेवावेत, दाणे मोजून द्यावेत आणि अमोनिया-नायट्राइट तपासण्याचे थेंब दुकानांतून आणून पाणी पाहत जावें. ओळखीच्या कोणाच्या निरोगी टाकींतील जुना स्पंज मिळाला, तर तो नव्या डब्यांत ठेवल्यानें हा काळ पुष्कळच कमी होतो. विरजण घातल्यासारखाच हा प्रकार आहे.

सफाईच्या बाबतींत स्वच्छतेची आवडच पुष्कळदां घात करते. महिन्या-दोन महिन्यांनीं डबा उघडतात, आंतील तपकिरी थर पाहून शिसारी येते, आणि सर्व साहित्य नळाखालीं धरून शुभ्र होईपर्यंत चोळलें जातें. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन हा जंतुनाशकच आहे. त्यानें माशांचे चाकर मरतात, आणि चार दिवसांनीं मासे पुन्हां पृष्ठभागाशीं तोंडें उघडूं लागतात. साहित्य टाकींतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यांत हलकेंच खळबळावें, आणि तेंहि सर्व एकदम नव्हे. या खेपेस स्पंज, पुढच्या खेपेस कड्या. टाकींत घालावयाच्या नव्या पाण्यांतील क्लोरिनहि आधीं घालविला पाहिजे. जुन्या छायाचित्रकारांचा ‘हायपो’ किंवा दुकानांत मिळणारें तयार द्रव्य यांचे योग्य प्रमाणांतील थेंब त्यासाठीं पुरतात.

आपल्याकडे आणखी एक संकट असतें, तें वीज जाण्याचें. बंद डब्यांतील जंतूंनाहि प्राणवायु लागतो. प्रवाह थांबला कीं कांहीं तासांतच तो संपतो, जंतु मरूं लागतात, आणि वीज येतांच डब्यांतील तें नासलेलें पाणी सरळ माशांच्या अंगावर येतें. वीज चार-पांच तास गेली असेल तर मोटर सुरू करण्यापूर्वीं डबा उघडावा, आंतील पाणी फेकावें, साहित्य टाकीच्या पाण्यांत खळबळावें आणि मगच बटण दाबावें. ज्या घरांत इन्व्हर्टर आहे, त्यांनीं आठ-दहा वॅटची गाळणी त्यावर जोडावी. एखाद्या लहान दिव्याएवढाच तिचा भार असतो. ज्यांच्याकडे तो नाहीं, त्यांनीं घटावर चालणारा लहानसा हवेचा पंप जवळ ठेवावा.

राहिली एक सोपी तपासणी, आणि ती मुलांकडे सोंपविण्यासारखी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारीं गाळणीची परतीची नळी दहा लिटरांच्या बादलींत धरावी, आणि बादली भरण्यास किती सेकंद लागतात तें मुलांनीं घड्याळावर मोजावें. ८० सेकंद लागले तर प्रवाह तासाला ४५० लिटर आहे; वर सांगितलेल्या टाकीला तो पुरेसा आहे. मोजून झाल्यावर तें पाणी टाकींत परत ओतावें, आणि आंकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्या तारखेखालीं पेन्सिलीनें लिहावा. पुढे केव्हांतरी ८० चे ११० झाले, तर स्पंज तुंबला आहे अशी सूचना मासे वर येण्यापूर्वींच मिळते. माशाला तक्रार करतां येत नाहीं. ती करण्याचें काम त्या पेन्सिलीच्या आंकड्यांनीं करावें, आणि मुलांनीं तें मोठ्यांना वाचून दाखवावें.